सेल्फ मारू का?

हसतेस काय? ऑफिसात न सापडलेली चूक ‘सापडली’ म्हणून कळवून टाकलीस आणि वर आम्हाला कौतुकाने सांगतेस! तुझ्या बॉसला कळेल तेव्हा कळेल. मी तुझा मामा आहे, मला आत्ताच कळलंय. ये, बस इकडे. आणि तू रे, तो मोबाइल पालथा घाल. बाल्कनीतला दिवा बंद करा. ज्याने मला हे सांगितलं, त्यानेही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, माझ्याकडे न बघता सांगितलं होतं.

दुकान बंद करायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आणि शेजारच्या गल्लीच्या टोकाला एका वायरमनची शेड. गाड्यांचं वायरिंग हा त्याचा धंदा. नाव सांगत नाही, माणूस अजून धडधाकट आहे. नाहीतरी सगळे त्याला वायरमनच म्हणायचे; चिडली की बायकोसुद्धा. हाताला यश होतं त्याच्या. चार गॅरेजवाल्यांनी हात टेकलेली गाडी शेवटी त्याच्या दारात यायची आणि संध्याकाळपर्यंत आपल्या पायांनी घरी जायची. दोष एवढाच, की आपल्या हाताला यश आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. ‘मला नाही समजत’ हे शब्द मी पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

नोव्हेंबरची एकवीस तारीख, शुक्रवार. संध्याकाळचे सात. वायरमन माझ्याकडे यायला निघाला होता, चिकटपट्टीचे दोन रोल घ्यायला. वायरीवर गुंडाळायची ती काळी पट्टी, दुसरं काही नाही. शेडचं दार लोटून चार पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात गल्लीत एक गाडी वळली. दिवे दिसायच्या आधीच त्याने आवाज ओळखला आणि तो जागच्या जागी थांबला. जुनी, मळकट पांढरी कॅम्पर व्हॅन. आत पलंग, छोटं बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चालवत होत्या मास्तरीणबाई. एकट्याच.

आता ह्याचे पाय का थांबले, ते कळायला दोन महिने मागे जावं लागेल.

मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवला आणि स्वतः कधी कुठे गेले नाहीत. मग निवृत्तीनंतर ही जुनी व्हॅन घेतली. आता नवराबायको हिंडणार, जिथे रात्र होईल तिथे झोपणार. बेत झकास होता. पण गाडीत एक खोड होती. थंड असताना अगदी गुणी. अर्धा-पाऊण तास चालली, इंजिन तापलं, की चालता चालता खट्‌कन बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा जणू काही झालंच नाही.

गाडी इंजेक्शनची, पण जुन्या जमान्यातली. म्हणजे पेट्रोल कधी आणि किती फवारायचं हे एक कॉम्प्युटरची डबी ठरवते, आणि त्या डबीला दहा ठिकाणांहून वायरी येतात. त्यातली एक वायर रुसली की डबी गप्प आणि गाडी गप्प. कुठली रुसली ते कळायला एकच रस्ता. गाडी बंद पडलेली असताना, त्या वीस मिनिटांतच, मीटर लावायचा. चालू गाडीत सगळ्या वायरी साळसूद असतात.

त्यातून ह्या व्हॅनचं इंजिन मागे आणि चावी पुढे. एकट्याचं काम नाही. म्हणून मास्तर स्वतः पुढे चालकाच्या सीटवर बसले, आणि वायरमन मागचं झाकण उघडून उकिडवा. मध्ये पलंग, बेसिन, पडदे. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त आवाज.

‘सेल्फ मारू का?’ मास्तर पुढून, चावीवर हात ठेवून, विचारायचे.

‘मारा.’

किर्र-किर्र-किर्र.

‘बंद करा.’

मग थोडं थांबून, निकाल विचारणाऱ्या पोराइतक्या नम्रपणे, पडद्याआडून यायचं, ‘सापडला का?’

दोन दिवस हे चाललं. गाडी शेडमध्ये उभी असताना बंदच पडेना. एकदा पडली, तर नेमका वायरमन माझ्या दुकानात चहा पीत बसलेला. धावत जाईपर्यंत चालू. मास्तरांनी दोन दिवसांत पन्नास वेळा तरी विचारलं असेल, सापडला का. एकदाही आवाज चढवला नाही. तेच वायरमनला टोचायला लागलं. चिडले असते तर ह्यालाही चिडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर म्हणाले, उद्या पहाटे मुलीकडे निघायचंय, राहू दे हवं तर, परत आल्यावर बघू. आणि मग पुन्हा विचारलं, ‘पण सापडला का?’

आणि आमचे हे शहाणे म्हणाले, ‘सापडला.’

काय सापडलं होतं? कप्पाळ! माझ्या दुकानातून एक रिले नेला. काडेपेटीएवढी डबी असते, पेट्रोलच्या पंपाला करंट सोडणारी. जुना काढला, नवा बसवला. जुना ठणठणीत होता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याने परत आणून माझ्या टेबलावर टाकला, मी काही विचारलं नाही. माझाही त्यात तेवढा हात आहे, पोरांनो. तो मी नाकारत नाही.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मनात धाकधूक. गाडी वाटेत बंद पडली तर आपलं नाक कापलं जाणार. म्हणून वर म्हणाला, ‘अडलीच कुठे, तर घाबरायचं नाही मास्तर. मागचं झाकण उघडायचं आणि ह्या रिलेला एक टिचकी मारायची. लगेच चालू होईल.’

अरे, रिले नवा आहे तर टिचकी कशाला? पण मास्तरांनी नाही विचारलं. ते चष्मा सावरून खाली वाकले, रिले कुठे आहे ते नीट बघून ठेवलं, आणि बोटाने दोनदा टिचकी मारून दाखवली. ‘अशीच ना?’ म्हणाले.

हा म्हणाला, ‘अश्शीच.’

त्यानंतर अकराव्या रात्री, मुलीकडून परत येताना, चढाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. मास्तर उतरून मागे गेले. इंजिन मागे, म्हणजे माणूस भर रस्त्यात उभा. पाठीमागून आलेल्या एका गाडीने त्यांना उडवलं आणि ती थांबलीसुद्धा नाही. व्हॅनला ओरखडा नाही. मास्तर जागच्या जागी गेले.

वायरमनने ही बातमी माझ्याच दुकानात ऐकली. बातमी आणणारा म्हणाला, ‘एवढ्या अंधारात रस्त्यात उतरून काय करत होते, कुणास ठाऊक.’ वायरमनला ठाऊक होतं. तो उठून गेला. मास्तरांच्या घरी भेटायला गेला नाही. त्या बाजूचं काम आलं तर नको म्हणायचा. बायकोला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. जेवताना मध्येच हात थांबायचा म्हणे. बोटं बघत बसायचा.

आणि आता ती व्हॅन दारात. बाई खाली उतरल्या. ह्याची मान वर होईना.

‘दोनदा थांबत थांबत आणली,’ बाई म्हणाल्या. ‘मुलगी म्हणते, भंगारात देऊन टाक. मी म्हटलं, आधी दुरुस्त तर होऊ दे. तुमच्याशिवाय कुणाकडे नेऊ? यांचा फार विश्वास होता हो तुमच्यावर.’

‘बघतो,’ एवढंच हा म्हणाला.

‘मी भावाकडे उतरलेय. सकाळी आठला येते. चावी गाडीलाच आहे.’

बाई गेल्या. चिकटपट्टी राहिली. वायरमनने दार आतून लावलं आणि मनाशी हिशेब केला. आज रात्री खरा फॉल्ट शोधायचा. वायर नीट करायची, सकाळी चावी हातात द्यायची. एवढं केलं की विषय मिटला. टिचकीचं कोणाला सांगायची गरज नाही. सांगून मास्तर थोडेच परत येणार आहेत! असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो.

साडेनऊला काम सुरू केलं. त्या सीटवर बसायची हिंमत होईना, म्हणून दारातूनच हात आत घालून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दार लावलं, मागे आला, झाकण उघडून टेकवलं. लाकडी खोक्यावर बसला. ह्या वेळी चहा नाही, फोन नाही. गाडी मरेपर्यंत इथून हलायचं नाही.

दहा वाजले. साडेदहा. अकरा. इंजिनाची धग तोंडावर येत होती. ट्यूबलाइट मध्येच फडफडायची.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी बंद पडली. खट्‌कन.

वायरमन झटकन उठला. हीच ती वीस मिनिटं. मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थला, म्हणजे वजा टोकाला लावली, दुसरीची सुई कॉम्प्युटरच्या अर्थच्या वायरीत खुपसली. दोन्हीकडे अर्थच, म्हणजे काटा शून्याजवळ राहायला हवा. सेल्फ फिरत असताना तो उडाला, तर दोष त्या वायरीत. आता सेल्फ कोण मारणार? बाहेरून सेल्फ फिरवायचं एक बटण असतं वायरमन लोकांकडे. ह्याच्याकडेही होतं. सहा महिने बिघडून पडलेलं. गावाच्या गाड्या नीट करतो, स्वतःचं बटण करायला सवड नाही.

पण त्या क्षणी त्याला हे काही सुचलंच नाही. डोळे मीटरवर. डोकं कामात. तोंडातून सवयीने निघालं...

‘हं, मारा.’

किर्र-किर्र-किर्र.

काटा उडाला. दोन व्होल्टच्या वर. ‘अरे!’ म्हणत हा आणखी वाकला. ‘बंद करा.’

सेल्फ थांबला.

सुई वायरीवर जरा पुढे सरकवली. ‘पुन्हा मारा.’

किर्र-किर्र-किर्र.

‘बंद.’

बंद.

फॉल्ट अर्थच्या वायरीतच होता. इंजिनावर जिथे ती बोल्टने बसते, तिथेच. बोल्ट घट्ट होता. वायर वरून नवी कोरी दिसत होती. त्याने ती चिमटीत धरून हलकेच ओढली... आणि ती हातात आली. वरचं आवरण शाबूत. आतली तार कधीची तुटलेली. दोन-तीन धाग्यांवर तग धरून होती. तापली की सुटायची, थंड झाली की टेकायची.

एवढीशी गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी अशीच ओढून बघितली असती तर...

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

शेडमध्ये तो एकटा होता.

दार आतून लावलेलं. कडी त्याला इथून दिसत होती.

मग सेल्फ... कोणी मारला?

हातातली वायर हातातच. मान वर करून मागच्या काचेतून बघितलं. फुलाफुलांचा पडदा. पडदा हलत नव्हता.

काही नाही. शांत.

तापलेलं इंजिन थंड होताना टिक... टिक... करतं ना. तेवढाच आवाज.

आणि मग पुढून...

‘सापडला का?’

तोच आवाज. तितकाच नम्र. ना राग, ना घाई.

मला सांगताना वायरमन म्हणाला, ‘शिव्या दिल्या असत्या, गळा धरला असता, तर मी पळून गेलो असतो. पण त्यांनी तसंच विचारलं हो. जसं तेव्हा विचारायचे तसंच. मला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.’



मिनिट गेलं असेल.

‘सापडला का?’

‘सापडला’ म्हणणं किती सोपं होतं. आज तर ते खरंही होतं. तुटलेली वायर मुठीत होती. पण तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. तोच शब्द त्याचा एकदा वापरून झाला होता.

शेवटी तो खाली बसला. फरशीवर. मागच्या बंपरला कपाळ टेकलं.

‘तेव्हा नव्हता सापडला, मास्तर.’

शांतता.

‘खोटं बोललो मी. रिले चांगला होता. टिचकीचं... ते मी असंच... माझं नाक राहावं म्हणून...’

पन्नाशीचा बाप्या, फरशीवर बसून हुंदके देत होता.



टिक... टिक...

बऱ्याच वेळाने, हळूच...

‘बाईंना सांगितलंत?’

ऐकताय ना? मास्तर बायकोला बाईच म्हणायचे. चारचौघांत, घरात, सगळीकडे.

‘नाही,’ वायरमन म्हणाला.



‘सांगतो,’ तो म्हणाला. ‘सकाळी सांगतो.’



मग त्याने काम केलं. वायर मागे कापली. आतली तार लखलखीत दिसेपर्यंत सोलली. नवं टोक दाबून बसवलं. बोल्टखालची जागा घासून पांढरी केली. पाच मिनिटांचं काम, त्याला अर्धा तास लागला. बोल्टचा शेवटचा आटा बसला आणि त्याने पाना खाली ठेवला.

‘सेल्फ मारू का?’

त्याने डोळे मिटले.

‘मारा.’

पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. झकास, एका लयीत. तो पुढे बघायला गेला नाही. तिथेच खोक्यावर बसून राहिला. तास गेला. दोन तास. इंजिन तापलं, तसं तापत राहिलं. बंद पडलं नाही.

पहाटे चारला ते थांबलं. ह्या वेळी खट्‌कन नाही. चावी फिरवल्याचा आवाज त्याने नीट ऐकला.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही.

सकाळी आठला बाई आल्या. हा त्याच खोक्यावर. तोंड न धुतलेला. त्यांना बघून उठला आणि उभ्या उभ्या, फरशीकडे बघत, सगळं सांगून टाकलं. रिले, खोटं, टिचकी. रात्रीचं एक अक्षर बोलला नाही. तुटलेला वायरीचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. ‘हा खरा फॉल्ट,’ म्हणाला. ‘तेव्हा मला सापडला नव्हता. तेवढं कबूल करायची लाज वाटली.’

बाईंनी तुकडा हातात घेतला. उलटासुलटा करून बघितला.

‘मी त्यांना उतरू नका म्हटलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘अंधार आहे, फोन करून कुणाला तरी बोलवू म्हटलं. तर हसले. म्हणाले, वायरमनने शिकवलंय मला. एक टिचकी मारतो, आलोच.’

वायरमनने तोंडावर हात घेतला.

‘मी आत पलंगावर बसले होते. आवाज येत होता मला. टक... टक... टक... बराच वेळ मारत होते हो.’

त्यांनी माफ केलं म्हणून सांगितलं नाही. शिवीही दिली नाही. तो तुकडा परत त्याच्या हातात ठेवला, साडीचा पदर खोचला आणि पुढचं दार उघडून गाडीत चढून बसल्या. चावी फिरवायला हात पुढे केला...

हात तसाच राहिला.

‘सीट तुम्ही मागे घेतलीत?’

वायरमन दाराशी आला. बाई ठेंगण्या. काल येताना सीट पार पुढे ओढून, पाठीशी उशी लावून गाडी चालवत आल्या होत्या. मास्तर पाच फूट अकरा. आता सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेलेली होती. उशी काढून बाजूच्या सीटवर नीट ठेवलेली.

‘मी... बसलोच नाही, बाई. बाहेरून हात घालून...’

सीट पुढे घ्यायची दांडी त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती ओढली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाठ मागे टेकून, त्या तशाच बसून राहिल्या. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते.